सातवी पसंती, पहिला क्रमांक

१

बारकीला प्रवेश मिळाला होता आणि घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता होती.

मावशी धापा टाकत जिना चढून आली तेव्हा बारकी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. अठरा वर्षांची झाली, आईपेक्षा वीतभर उंच झाली, तरी घरात ती बारकीच. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. आई खुर्चीत होती आणि तिचा कृत्रिम पाय शेजारच्या कोपऱ्यात उभा होता. गुडघ्याखाली तो पुन्हा घासला होता, पुन्हा जखम झाली होती. म्हणजे आता आठवडाभर घरातल्या घरात कुबडी.

"कितवी पसंती लागली?" मावशीने विचारलं.

"सातवी," बारकी म्हणाली. "शेवटची."

शाळा संपल्यावर पुढच्या प्रशिक्षणासाठी फॉर्मवर सात अभ्यासक्रम पसंतीच्या क्रमाने भरायचे होते. यंत्र यादी वरून खाली वाचत येतं. ज्या जागेत उमेदवार बसतो ती देऊन मोकळं होतं, खालचं बघतही नाही. बारकीची पहिली पसंती होती कृत्रिम पाय बनवण्याचं प्रशिक्षण. का, ते विचारायची गरज नव्हती. ते शिकवणारी संस्था एकच, ती दर तीन वर्षांनी बारा जण घेते आणि एकोणीसच्या वर वय चालत नाही. आत्ता नाही तर कधीच नाही. सातव्या रकान्यात तिने कार्यालयीन कामकाज लिहिलं होतं, तेही रकाना मोकळा सोडता येत नाही म्हणून.

"तुला गुण तर भरपूर होते गं."

"गुणांचं काही नाही, मावशी. हे बघ."

मावशीने चष्मा लावला आणि पावती वाचली. पहिल्या क्रमांकावर कार्यालयीन कामकाज. मग बालवाडी शिक्षिका, प्रयोगशाळा सहायक, दातांच्या कवळ्या, चष्म्याची भिंगं, व्यायामोपचार सहायक, आणि सगळ्यात तळाला कृत्रिम पाय.

"ही माझी यादी नाही," बारकी म्हणाली. "मंगळवारी मी फॉर्मवाल्याकडे बसून माझ्या हाताने भरली होती. कुणीतरी बदलली."

मावशीने एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि हजारो पेपर तपासले होते. पोरं तिला टरकून असत, कारण नक्कल तिच्या नजरेतून सुटत नसे. ती म्हणायची, नक्कल पकडायची तर बरोबर उत्तरांकडे बघू नये. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, चूक मात्र ज्याची त्याची असते. तिने पावती दुसऱ्यांदा वाचली, मग तिसऱ्यांदा.

"तुझे बाबा कुठे आहेत?"

"कामावर. निकाल ऐकला आणि डबा न घेताच गेले. एक शब्द बोलले नाहीत."

आई कण्हली. मावशी उठली, गोळ्यांचा डबा काढला आणि भिंतीवरच्या औषधांच्या कागदाकडे पाहिलं. अक्षर बाबांचं. तिने सगळ्यात वरची गोळी काढली.

"ताई, ती रात्रीची," आई म्हणाली. "सकाळची तळाला बघ. आमच्या घरी दिवस खालून उगवतो."

एवढ्या दुःखातही बहिणीला चेष्टा सुचली म्हणून मावशीला जरा बरं वाटलं. तिने गोळी दिली आणि पुन्हा पावती उचलली. खाली बारीक अक्षरात वेळ होती: गुरुवार, दुपारी तीन चाळीस.

"गुरुवारी तीन चाळीसला तू कुठे होतीस?"

"हॉस्पिटलात. आईबरोबर. सहाला परत आलो."

"आणि फोन?"

"इथेच. चार्जिंगला लावला होता." बारकीचं तोंड उतरलं. "मावशी, यादी बदलायला फोनवर आलेला सांकेतिक आकडा लागतो."

म्हणजे ज्याने कुणी हे केलं, तो या घरात शिरून, या खुर्चीत बसून करून गेला होता.

२

फॉर्मवाल्याचं दुकान म्हणजे दोन संगणक, एक पंखा आणि वीस चिंतातुर आईबाप. बारकी आत शिरली ती तोफेसारखी.

"तुम्हीच काहीतरी केलंत! माझी जागा कुणाला विकलीत?"

"ए पोरी, जीभ सांभाळ," फॉर्मवाला म्हणाला, पण त्याला राग आला नव्हता. गेल्या तासात त्याला हे तिघांनी विचारलं होतं. त्याने पावतीवर बोट ठेवलं. "माझ्याकडून भरलं की इथे माझ्या केंद्राचा क्रमांक येतो. इथे काय आहे? 'मोबाइल'. कुणीतरी फोनवरून भरलंय."

"पण मंगळवारी भरलेली यादी होतीच की. तिला हात लावायचं कारण काय?" मावशीने विचारलं.

"ती यादी उडाली, बाई. गुरुवारी सगळ्यांच्याच याद्या उडाल्या. दुपारी दोनला सगळ्यांना निरोप गेला की यादी जतन झालेली नाही, पाचच्या आत पुन्हा भरा. माझ्याकडे नुसती झुंबड! तुम्हाला नाही आला?"

"नाही," बारकी म्हणाली.

मावशीने फोन मागून घेतला. गुरुवारचा एकही निरोप त्यात नव्हता. दोनचा नव्हता आणि आकड्याचाही नव्हता. आले असणार, पण कुणीतरी ते वाचून पुसून टाकले होते.

"काही उपाय?" तिने विचारलं.

"आहे ना. आज पाचपर्यंत प्रवेश कार्यालयात तक्रार करता येते. दुसऱ्याने यादीशी खेळ केला असं सिद्ध झालं तर पहिल्या पसंतीची जागा देतात. प्रत्येक अभ्यासक्रमात एक जागा त्यासाठी राखून ठेवलेली असते." त्याने एक फॉर्म काढून दिला. "पण नाव लागतं. नुसतं 'कुणीतरी केलं' चालत नाही. ज्याने केलं त्याची लेखी कबुली हवी, नाहीतर पक्का पुरावा."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. बारकीने मावशीचा हात घट्ट धरला. 

"मला माहीत आहे कुणी केलं," ती म्हणाली.

३

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वह्या-पेनांचं दुकान होतं त्यांचं, आणि कार्यालयीन कामकाजाचे वर्ग त्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर भरत. बारकीने तो अभ्यासक्रम करावा आणि उरलेला वेळ गल्ल्यावर बसावं, हे त्यांनी वर्षभर प्रत्येक जेवणावर ऐकवलं होतं. घराची एक किल्लीही त्यांच्याकडे असायची.

"बरंच झालं की," निकाल ऐकून काका म्हणाले. "लाकडाचे पाय तासत बसण्यापेक्षा बरं."

"गुरुवारी दुपारी तुम्ही घरी गेला होतात?" मावशीने विचारलं.

"गेलो होतो. शिडी आणायला. तीनला गेलो, सव्वातीनला कुलूप लावून निघालो. का? चोरी झाली?"

"झाली," बारकी म्हणाली. "तुम्हीच केलीत!"

काकांचा चेहरा लाल झाला. "अगं, मला तुझ्या यादीत काय काय होतं ते तरी ठाऊक आहे का? एक लाकडाचे पाय आणि एक आमच्यासमोरचा. मधलं काय होतं, तू सांग. मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. पाठीत सुरा खुपसायचा असता तर वर्षभर घसा कशाला कोरडा केला असता?"

मावशीने पावती पिशवीत टाकली. ती बारकीला ओढत बाहेर घेऊन गेली.

"आता मैत्रिणीकडे," ती म्हणाली.

बारकी थबकली. तिची वर्गमैत्रीण, एका बाकावरची. तिनेही कृत्रिम पायांसाठीच अर्ज केला होता आणि यादीत तिचं नाव बाराव्या, शेवटच्या जागेवर होतं. बारकी वर बसली असती तर ती बाहेर गेली असती.

मैत्रिणीने दार उघडलं आणि बारकीला पाहून तीच आधी रडायला लागली.

"तुला वाटतंय मी केलं. मला सकाळपासून वाटतंय, तुला तसंच वाटणार."

"हिची यादी तुला माहीत होती?" मावशीने विचारलं.

"पाठ आहे. हिने महिनाभर डोकं खाल्लंय." ती डोळे पुसत म्हणू लागली, "कृत्रिम पाय, व्यायामोपचार, भिंगं, कवळ्या, प्रयोगशाळा, बालवाडी, कार्यालय."

मावशीचे ओठ हलत होते. मैत्रिणीबरोबर ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती.

"गुरुवारी तू यांच्या घरी गेली होतीस?"

"पुस्तक परत द्यायला. साडेतीन-पावणेचारच्या दरम्यान. पण दार आतून बंद होतं."

"कुलूप होतं, असं म्हणायचंय तुला."

"नाही बाई, कुलूप नव्हतंच. आतून कडी होती. मी दोनदा हाक मारली. आत फोन वाजल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, पण कुणी ओ दिली नाही. मी पुस्तक दारात ठेवून आले."

बारकी पांढरीफटक पडली. घराला तीन किल्ल्या होत्या. एक तिच्याकडे, हॉस्पिटलात. दुसरी काकांकडे, आणि पावणेचारला काका दुकानात होते, हे बारकीलाही नाकारता येत नव्हतं, कारण त्या वेळी रोज समोरचे वर्ग सुटतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

"तू घरी जा," मावशी म्हणाली. "आईजवळ बस. चारला मला प्रवेश कार्यालयात भेट."

"मावशी, तिसरी किल्ली..."

"घरी जा म्हटलं ना."

४

बाबा एका गोदामात गाड्या भरायचे. घरोघरी सामान पोचवणाऱ्या गाड्या, आणि बाबा म्हणजे तिथले बावीस वर्षांचे जुनेजाणते. मावशी पोचली तेव्हा दीड वाजला होता. त्यांची पाठ तिच्याकडे होती. हातात कागद होता आणि ते दोघा हमालांना ओरडून सांगत होते.

"एक नंबर, कपाट. अगदी आत, भिंतीला. दोन नंबर, त्याला लागून गाद्या. अरे, खुर्च्या कुठे घेतोस? खुर्च्या सात नंबर, दाराशी येणार!"

मावशी तिथेच उभी राहिली. तिने खांबावर अडकवलेला दुसऱ्या गाडीचा कागद पाहिला, मग शेजारच्या हमालाला विचारलं, "यातलं पहिलं घर कोणतं?"

"तळाचं," तो म्हणाला. "जे शेवटी उतरायचं ते आधी आत जातं, म्हणून ते वर. आणि जे सगळ्यात आधी उतरायचं ते सगळ्यात खाली. आमच्याकडे शिकाऊ माणसाला पहिला मार यावरच बसतो."

सकाळपासून काखेत कळसा घेऊन ती गावाला वळसा घालत होती. ती एका खोक्यावर बसली आणि बाबा वळेपर्यंत बसूनच राहिली.

"ताई, तुम्ही?" बाबांच्या कपाळावर घाम होता. "काही कळलं? कोण होता तो हरामखोर?"

"भाऊजी," मावशी म्हणाली, "गुरुवारी तुम्ही साडेतीनलाच घरी गेलात ना?"

बाबांनी कागदाची घडी केली. मग उघडली. मग पुन्हा केली.

५

"ताई, आईची शपथ, मी बरोबर भरली होती," बाबा म्हणाले. दोघं गोदामामागच्या पायरीवर बसले होते. "कामाच्या गडबडीत मी तुमच्या बहिणीला हॉस्पिटलात सोबत करू शकलो नाही. मन लागेना म्हणून लवकर सुटलो. घरी आलो तर फोनवर निरोप, यादी उडाली. पाचची मुदत. ह्या दोघी हॉस्पिटलात, कळवू कशावर? फोन माझ्याच हातात."

"मग तुम्ही भरलीत."

"मला पाठच होती. ती रोज बडबडायची. आकडा दोन मिनिटंच टिकतो, त्यात ती मैत्रीण हाका मारायला लागली. मी हललोच नाही. भरली, आणि निरोप पुसले. पोरीच्या जिवाला उगाच घोर नको म्हणून. आणि बजावलं होतं ना तिने, माझ्या फॉर्मला कुणी हात लावायचा नाही! पण सातही नावं बरोबर भरली होती, ताई. माझ्यानंतर कुणीतरी बदलली."

मावशीने पिशवीतून पेन्सिल काढली आणि पावतीची कोरी बाजू पुढे केली. "बारकीची यादी लिहून दाखवा. गुरुवारी भरलीत तश्शीच."

बाबांनी भराभर लिहिलं. एक, कार्यालय. दोन, बालवाडी. तीन, प्रयोगशाळा. हात जराही अडखळला नाही. सात, कृत्रिम पाय. तिथे त्यांनी खाली दोन रेघाही ओढल्या.

"हे कुठून वाचायचं?"

"खालून. एक नंबर आधी आत जाणार, सात नंबर दाराशी. दार उघडलं की पहिलं..."

ते थांबले.

मावशीला वाटलं होतं, गुन्हेगार सापडला की आपल्याला हायसं वाटेल. निदान राग तरी येईल. तिला त्या माणसाकडे बघवेना.

"काकांनी केलं असतं तर सातवं उचलून वर ठेवलं असतं आणि सोडून दिलं असतं," ती हळू म्हणाली. "मैत्रिणीने केलं असतं तर पहिलं खाली ढकललं असतं. मधल्या पाचांशी कुणाचं काय वैर? पण इथे सातच्या सात उलटे आहेत, एकही चुकलेला नाही. दुष्टावा करणारा माणूस इतका नेटका नसतो, भाऊजी. आणि घरात औषधंसुद्धा खालून वर लिहिणारा एकच माणूस आहे."

"मी गप्प बसलो असतो तर?" बाबांनी विचारलं.

"तर तिला काहीच मिळालं नसतं. यादी तर उडालीच होती."

बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाले, "पण मग झालं ना! सापडला ना कोण ते! मी लिहून देतो. चुकून झालं म्हणतो, पाया पडतो साहेबांच्या."

मावशीने तक्रारीचा फॉर्म उलटा करून त्यांच्यासमोर धरला. मागच्या बाजूला चौथा नियम होता. तो तिने वाटेत वाचला होता. घरच्यांकडून किंवा मदतनीसाकडून अनवधानाने झालेली चूक ही उमेदवाराचीच चूक मानली जाईल; त्यावर तक्रार ग्राह्य नाही. नुकसान करण्याच्या हेतूने केलेला बदल तेवढा ग्राह्य.

बाबांनी तो तीनदा वाचला. बोट ठेवून, ओठ हलवत.

"म्हणजे चुकून केलं तर काही नाही," ते म्हणाले. "आणि मुद्दाम केलं तर जागा."

"पाचव्या नियमात पुढचं आहे. मुद्दाम करणाऱ्याचं नाव पोलिसांत जातं. कामाच्या ठिकाणीही कळवतात."

बाबा उठले. पँटची धूळ झटकली.

"मग मी मुद्दाम केलं," ते म्हणाले.

६

चार वाजता बारकी प्रवेश कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभी होती. मावशीने तिला सगळं सांगितलं. ऐकताना आधी तिचा चेहरा संतापाने फुलला, मग विझत गेला.

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, मी बरोबर भरलीय. वर तू म्हणशील, हात लावला म्हणून बिघडलं. घाबरलो गं."

"आणि आता हे खोटं? तुमचं काम जाईल! बावीस वर्षं..."

"हात आहेत ना मला? ओझी कुठेही उचलीन."

"लोक काय म्हणतील? काका काय म्हणतील? आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं तोंडावर म्हणतील तुम्हाला."

"म्हणू देत." बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू त्यालाही परवानगी लागणार होती. "बारके, तुझी आई रोज सकाळी तो पाय चढवताना दात आवळते. मला बघवत नाही. बावीस वर्षांत मी बाकी सगळं उचललं, ते नाही उचलता आलं. तू शीक."

बारकी मावशीकडे वळली. "मावशी, तू सांग यांना. तूच सांग, खोटं चालत नाही म्हणून. आयुष्यभर हेच तर सांगितलंस सगळ्यांना!"

मावशीला ते सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. तिने घड्याळ पाहिलं, चार वाजून अठरा मिनिटं, आणि ती म्हणाली, "रांग वाढतेय. आत चला."

अधिकारी पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी पावती पाहिली, कबुलीजबाब पाहिला आणि बाबांना आपादमस्तक न्याहाळलं.

"कारण काय लिहू?"

"मुलगी लांब जाऊ नये म्हणून," बाबा म्हणाले. वाटेत त्यांनी ते चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"पुढे काय होतं, कल्पना आहे?"

"वाचलंय, साहेब."

अधिकारी बारकीकडे वळले. "तुम्हाला तोंडाने सांगावं लागेल. यांनी तुमच्या माघारी, तुमचं नुकसान व्हावं म्हणून यादी बदलली. खरं आहे?"

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते, मुद्दाम समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिला सोपं जावं म्हणून. मावशीच्या मनगटात बारकीची नखं रुतली.

"ताई, पाचला खिडकी बंद होते," अधिकारी बारकीला म्हणाले.

"बोल गं," बाबा भिंतीला म्हणाले.

"हो," बारकी म्हणाली. "मुद्दाम केलं बाबांनी."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं, शिक्का मारला आणि एक कागद तिच्याकडे सरकवला. तेरावी जागा. सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं होतं. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली, कारण त्यांनाही मुली असाव्यात.

"पोटच्या पोरीचं वाटोळं करायला हात कसा धजावला हो तुमचा?"

"चुकलं, साहेब," बाबा म्हणाले.

आणि तिथे, त्या खिडकीसमोर, सगळ्या रांगेदेखत ते हुंदके देऊन रडायला लागले. साहेबांना वाटलं, माणसाला पश्चात्ताप झालाय. त्यांनी कबुलीजबाबाचा कागद परत ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून टाकलं.